वाचकांचे प्रश्न : जुन्या पुस्तकाची ‘अवस्था’ कशी वाचावी?

जुनी व दुर्मीळ पुस्तके विकत घेणाऱ्या किंवा घरचा संग्रह विकू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे जमली आहेत. पुस्तकाच्या किमतीपेक्षा त्याच्या वर्णनातल्या शब्दांनीच बहुतेकांना अडवले आहे. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : ‘गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’चा १८८३ सालचा नाशिक जिल्ह्याचा खंड मी परदेशातील एका विक्रेत्याकडून मागवला. वर्णनात ‘गुड. क्लॉथ रब्ड, फ्रंट हिंज स्टार्टिंग’ एवढेच लिहिले होते. हाती आलेल्या पुस्तकाचा पुढचा पुठ्ठा सुटायला आला आहे, कापड कोपऱ्यांवर झिजले आहे आणि शेवटच्या चाळीसएक पानांवर पाण्याचा तपकिरी डाग आहे. विक्रेता म्हणतो की ‘गुड’ म्हणजे असेच. ही फसवणूक नाही का? (नाशिक)

उत्तर : आपल्या तक्रारीचे दोन भाग करावे लागतील, कारण एका भागात विक्रेत्याचे बरोबर आहे आणि दुसऱ्या भागात आपले.

‘गुड’ या शब्दाचा अर्थ रोजच्या बोलण्यातला ‘चांगले’ असा धरल्यामुळे आपल्याकडचे बहुतेक ग्राहक पहिल्या खरेदीत निराश होतात. इंग्रजी ग्रंथव्यापारात हा शब्द एका उतरंडीतली पायरी आहे, आणि तीही वरून चौथी. अमेरिकेतील जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांचे ‘अँटिक्वेरियन बुकमन’ नावाचे साप्ताहिक होते. त्याने १९४९ साली या पायऱ्यांच्या व्याख्या सुचवल्या आणि थोड्याफार फरकाने त्याच आजही चालतात. ‘अ‍ॅज न्यू’ म्हणजे छापखान्यातून आले तसे कोरे. ‘फाइन’ म्हणजे जवळपास तसेच, दोष नाही, फक्त नवेपणाची करकरीत झाक उरलेली नाही. ‘व्हेरी गुड’मध्ये हाताळल्याच्या किरकोळ खुणा दिसतात, पण कुठे फाटलेले नसते. त्यानंतर येते ‘गुड’ : सर्वसाधारण वापरलेले, झिजलेले, परंतु सर्व पाने जागच्या जागी असलेले पुस्तक. ‘फेअर’मध्ये मूळ मजकूर, नकाशे आणि चित्रे पूर्ण असतात, मात्र पुठ्ठ्याआतले कोरे पान किंवा अर्धशीर्षकाचे पान (शीर्षकाच्या पानाआधीचे, फक्त पुस्तकाचे नाव असलेले) नसले तरी चालते. ‘पुअर’ प्रत केवळ वाचण्यापुरती उपयोगाची असते. ‘फाइन’ आणि ‘व्हेरी गुड’ यांच्यामध्ये ‘निअर फाइन’ नावाची आणखी एक पायरी पुढे रूढ झाली, आणि विक्रेते तिचा सढळ हाताने वापर करतात.

आता आपले पुस्तक पाहू. ‘हिंज’ म्हणजे पुठ्ठा उघडल्यावर आतल्या बाजूने दिसणारी, पुठ्ठा आणि पाने यांना जोडणारी कागदाची घडी. बाहेरच्या बाजूच्या खाचेला ‘जॉइंट’ म्हणतात. ही आतली घडी फाटू लागली आहे, एवढाच ‘स्टार्टिंग’चा अर्थ. म्हणजे पुठ्ठा सुटायला आल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. ‘रब्ड’ म्हणजे घासलेले, तेव्हा कापडाच्या झिजेचाही उल्लेख होता. या दोन गोष्टींवरून त्याला दोष देता येणार नाही.

पाण्याच्या डागाचे मात्र तसे नाही. ‘गुड’ या पायरीच्या व्याख्येतच एक अट आहे की जे दोष असतील ते नमूद केलेच पाहिजेत. चाळीस पानांवर पसरलेला डाग कोणत्याही विक्रेत्याच्या नजरेतून सुटण्यासारखा नसतो, आणि सुटला असेल तरी त्याची जबाबदारी विक्रेत्याचीच. डागाची कड जिथे संपते तिथे गडद रेघ दिसते, तिच्यासह दोन पानांची छायाचित्रे घ्या. वर्णनातील वाक्य जसेच्या तसे उद्धृत करून ‘हा दोष नमूद केलेला नाही’ एवढ्याच मुद्द्यावर पुस्तक परत घेण्याची मागणी करा. पायरीवरून वाद घालू नका, कारण पायरी हे विक्रेत्याचे मत असते. न सांगितलेला डाग ही वस्तुस्थिती आहे आणि ती त्याला नाकारता येणार नाही.

पुढील खरेदीच्या वेळी ‘फाइन/व्हेरी गुड’ असे तिरप्या रेघेने तोडलेले दोन शब्द दिसले, तर पहिला शब्द पुस्तकाविषयी असतो आणि दुसरा वेष्टनाविषयी, म्हणजे पुठ्ठ्यावर घातलेल्या सुट्या छापील कागदी आवरणाविषयी. रेघेनंतर आडवी खूण असेल तर वेष्टन नाही असे समजावे.

प्रश्न : ग्रँट डफ यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या पहिल्या आवृत्तीचे एका लिलावाच्या यादीतील वर्णन असे आहे : ‘थ्री व्हॉल्यूम्स, लंडन, १८२६. लेटर हाफ काफ, रीबॅक्ड, फॉक्स्ड, व्हॉल्यूम टू वर्म्ड, वॉन्ट्स मॅप, एक्स-लायब्ररी, डब्ल्यू.ए.एफ.’ किंमत मोहात पाडणारी आहे. बोली लावावी का? (पुणे)

उत्तर : हे वर्णन एकेका शब्दाने वाचल्यास उत्तर आपोआप मिळेल.

१८२६ च्या सुमारास इंग्लंडमधील प्रकाशक पुस्तके बहुधा साध्या कागदी पुठ्ठ्यांत विकत आणि ग्राहक आपल्या पसंतीच्या बाइंडरकडून ती चामड्यात बांधून घेत. त्यामुळे त्या काळच्या पुस्तकावर चामड्याची बांधणी असणे हा मुळीच दोष नाही. ‘हाफ काफ’ म्हणजे कणा आणि कोपरे वासराच्या चामड्याचे, उरलेला पुठ्ठा कागदाने किंवा कापडाने मढवलेला. प्रश्न ‘लेटर’चा आहे : ही बांधणी पुस्तकाच्या काळची नाही, नंतरची आहे. समकालीन बांधणी असती तर तिथे ‘कंटेम्पररी’ लिहिले असते आणि किंमतही त्या मानाने चढली असती. ‘रीबॅक्ड’ म्हणजे त्या नंतरच्या बांधणीचाही कणा झिजून गेला आणि त्यावर नवा चढवला. जुन्या कण्याचा तुकडा नव्यावर चिकटवून जपला असेल तर जाणते विक्रेते तसे आवर्जून लिहितात. येथे लिहिलेले नाही, तेव्हा तो गेला असे धरावे.

‘फॉक्स्ड’ म्हणजे कागदावर उमटलेले तांबूस-तपकिरी ठिपके. कोल्ह्याच्या रंगावरून हा शब्द आला असे मानले जाते. कागदातील लोहाचे सूक्ष्म कण, बुरशी आणि दमटपणा ही त्याची कारणे सांगतात, आणि आपल्या कोकणपट्टीत चार पावसाळे काढलेल्या कपाटात ते सहज पाहायला मिळतात. ठिपक्यांनी पानाची शोभा जाते, पण कागद बहुधा दुबळा होत नाही, म्हणून जुन्या पुस्तकात थोडे ‘फॉक्सिंग’ संग्राहक मनावर घेत नाहीत. हे ठिपके रसायनाने घालवण्याचा घरगुती प्रयोग मात्र कधीही करू नये. ठिपके फिके होतात आणि कागद मरतो.

‘वर्म्ड’विषयी दोन गोष्टी विचारायच्या असतात. किडीची भोके समासात आहेत की मजकुरात, हा पहिला प्रश्न. कीड जुनी आहे की जिवंत, हा दुसरा. पान उघडताच भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी सांडत असेल, तर ते पुस्तक आपल्या कपाटात इतर पुस्तकांशेजारी ठेवणे धोक्याचे आहे.

आता यादीतला सर्वांत महाग शब्द. ‘वॉन्ट्स’ याचा येथे ‘हवे आहे’ असा अर्थ नाही. या व्यापारात ‘वॉन्ट्स’ म्हणजे ‘नाही’, ‘गहाळ आहे’. नकाशा नसलेली प्रत अपूर्ण असते, आणि अपूर्ण प्रतीला पायरी कितीही वरची दिली तरी संग्राहकाच्या लेखी ती खालीच राहते. दमटपणा, ठिपके, झीज हे अवस्थेचे दोष आहेत. नकाशा, चित्र किंवा पान नसणे हा पूर्णतेचा दोष आहे. हे दोन हिशेब मनात नेहमी वेगळे ठेवावेत. मी स्वतः डागाळलेली पूर्ण प्रत घेईन आणि स्वच्छ अपूर्ण प्रत सोडून देईन.

‘एक्स-लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालयातून बाहेर पडलेली प्रत. तिची अवस्था कितीही उत्तम असली तरी हा उल्लेख केलाच पाहिजे, असा संकेत आहे. अशा प्रतीत ‘रद्द’ केल्याचा शिक्का आहे का हे विचारून घ्यावे, नाहीतर पुस्तक ग्रंथालयातून रीतसर बाहेर पडले की नाही ही शंका कायम राहते. शेवटची तीन अक्षरे ‘विथ ऑल फॉल्ट्स’ची आहेत : सर्व दोषांसह, म्हणजे नंतर कोणताही दोष सापडला तरी माल परत घेतला जाणार नाही.

आपल्याला मजकूर वाचायचा असेल तर पुनर्मुद्रणे उपलब्ध आहेत. संग्रहासाठी पहिली आवृत्ती हवी असेल तर या प्रतीवर बोली लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. असे शब्द पुन्हा अडले, तर जॉन कार्टर यांचा १९५२ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ‘एबीसी फॉर बुक कलेक्टर्स’ हा छोटा कोश हाताशी असावा.

प्रश्न : आजोबांची १९३० ते १९६५ या काळातील दोनशेएक मराठी पुस्तके आमच्याकडे आहेत. त्यांची यादी करून ती विकायची आहेत. त्यांना हीच इंग्रजी परिभाषा लावावी का? काहींचे कणे उसवले आहेत. विकण्यापूर्वी ती नव्याने बांधून घ्यावीत का? वेष्टने फाटली आहेत, त्यांना चिकटपट्टी लावली तर चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे केलेली चूक दुरुस्त होत नाही. चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडून सुटते, तिचा गोंद मात्र कागदात मुरतो आणि मधासारख्या रंगाचा पट्टा कायमचा राहतो. फाटलेले वेष्टन तसेच घडी न मोडता पारदर्शक प्लास्टिकच्या सैल आवरणात ठेवा. फाटलेले वेष्टन हा सांगता येण्याजोगा दोष आहे. चिकटपट्टीने डागाळलेले वेष्टन जाणता ग्राहक हातात घेऊन खाली ठेवतो.

नवी बांधणीही करू नका. मराठी पुस्तकांचे सर्वांत मोठे नुकसान कसर आणि वाळवीइतकेच आपल्या बांधणीच्या सवयीने केले आहे, हे मी फार दुःखाने लिहितो. पुस्तक बाइंडरकडे गेले की मूळ मुखपृष्ठ आणि वेष्टन काढून टाकले जाते, तिन्ही कडा यंत्राखाली कापल्या जातात, त्यात समास जातो आणि कधीकधी पानाच्या माथ्यावरचे प्रकरणाचे नावही अर्धे कापले जाते. मग वर काळे किंवा तांबडे रेक्झिन चढते. एका ग्रंथालयाच्या रद्दीत मी असे एक पुस्तक पाहिले होते. रेक्झिन भक्कम होते, कण्यावर सोनेरी अक्षरांत नाव होते, आणि आत शीर्षकाच्या पानावरचे प्रकाशनाचे साल छाटले गेले होते. आवृत्ती कोणती हे सांगणारी तेवढी एकच ओळ त्या पुस्तकात होती.

मूळ मुखपृष्ठाला आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणारे दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांनी काढलेल्या मुखपृष्ठांसाठीच काही संग्राहक पुस्तके घेतात. तेव्हा आजोबांच्या पुस्तकांतील ज्यांवर मूळ वेष्टन आहे ती आधी बाजूला काढा, मग ते कितीही फाटलेले असो.

इंग्रजी पायऱ्या वापरायला हरकत नाही, पण मराठी ग्राहकासाठी त्या पुरेशा नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती आणि त्या वर्षांतील आपली कित्येक पुस्तके हलक्या कागदावर छापली गेली. लाकडाच्या लगद्याच्या अशा कागदात आम्ल असते, म्हणून हात न लावताही तो तपकिरी आणि ठिसूळ होतो. ‘व्हेरी गुड’ या शब्दात हा ठिसूळपणा कुठेच दिसत नाही. म्हणून प्रत्येक पुस्तकासाठी साधी, पूर्ण वाक्ये लिहावीत. उदाहरणार्थ : ‘प्रथमावृत्ती, १९४४. मूळ पुठ्ठाबांधणी. वेष्टन आहे, कण्यावर वरच्या बाजूस बोटभर फाटले आहे. शिलाई सैल, तिसरा फर्मा सुटला आहे, पण पाने सर्व आहेत. कागद पिवळा, कडांना ठिसूळ. मलपृष्ठाच्या आत कसरीने पृष्ठभाग कुरतडला आहे, मजकुराला धक्का नाही. पहिल्या पानावर शाईने नाव.’ (फर्मा म्हणजे एका तावाच्या घड्यांतून झालेला पानांचा गठ्ठा.) एवढे वाचल्यावर ग्राहकाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

किडीचे वर्णन करताना आपल्या भाषेतला भेद उपयोगी पडतो. कसर कागदाचा पृष्ठभाग आणि खळ खरवडते, भोके पाडणारी कीड पानांतून आरपार बोगदा काढते, आणि वाळवी लागली तर पुस्तकाचा भागच्या भाग मातीसह नाहीसा होतो. तिन्हींना ‘किडीने खाल्लेले’ म्हणू नये.

पाने मोजल्याशिवाय ‘पूर्ण’ हा शब्द लिहू नका. शेवटचे पान जागेवर आहे म्हणून मधली सर्व पाने आहेत असे होत नाही. दोनशे पुस्तकांची पाने मोजायला आठवडे लागतील, पण हे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येणारे नाही.

प्रश्न : ‘अनकट’ आणि ‘अनओपन्ड’ एकच का? आणि ‘ऑक्टाव्हो’ ही कोणती अवस्था? (ठाणे)

उत्तर : एकच नव्हेत. ‘अनकट’ म्हणजे बाइंडरने कडा कापून सरळ केलेल्या नाहीत, त्या छापील कागदाच्या मूळ खडबडीत कडा आहेत. ‘अनओपन्ड’ म्हणजे छापील कागदाच्या घड्या अजून चिरलेल्याच नाहीत, अर्थात ते पुस्तक कोणी संपूर्ण वाचलेले नाही. अशी प्रत हाती आल्यास घड्या बोटाने फाडू नयेत. ‘ऑक्टाव्हो’ ही अवस्था नाही. एका तावाच्या घड्या घालून आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे, केल्यावर होणारा तो आकार आहे.

प्रश्न : घरात शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) काही धार्मिक पोथ्या आहेत. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि रुमाल. एका जाणकाराने ‘डिसबाउंड, फेअर’ असे लिहून दिले. हे बरोबर आहे का? (वाई)

उत्तर : ‘डिसबाउंड’ हा शब्द चुकीचा आहे. ज्या पुस्तकाची बांधणी होती आणि काढली गेली, त्यालाच तो लागतो. पोथी मुळातच बांधलेली नसते, सुट्या पत्रांची, म्हणजे पानांची, असणे हेच तिचे मूळ रूप आहे, तेव्हा तो दोष म्हणून नोंदवणे तिच्यावर अन्याय आहे. कणा, हिंज, जॉइंट, वेष्टन हे शब्द तिच्याबाबतीत निरर्थक ठरतात.

पोथीची अवस्था पत्रांवरून सांगावी. समासातील पत्रांक लावून सर्व पत्रे ओळीने आहेत का ते आधी पाहावे. पहिले आणि शेवटचे पत्र सर्वाधिक हाताळले जाते, म्हणून तीच आधी फाटतात किंवा हरवतात. शेवटचे पत्र हरवणे अधिक गंभीर, कारण बऱ्याच पोथ्यांत शके, छापखान्याचे नाव आणि गाव तिथेच दिलेले असते. मुंबईतील गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, पंचांग छापले. त्या सुमारापासूनच्या शिळाछापाच्या पोथ्यांचा काळ ठरवायला बहुधा हीच एक ओळ असते. शकात ७८ मिळवल्यास इसवी सन येतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवावेत.

यानंतर हळद-कुंकवाचे व तेलाचे डाग, समासात शाईने लिहिलेल्या टिपा, आणि फळ्या व रुमाल मूळचे आहेत का, हे लिहावे. रोजच्या पारायणाने पडलेले डाग मी स्वतः दोष म्हणून कधीच मांडत नाही. ते कुठे आहेत आणि अक्षर वाचता येते की नाही, एवढे लिहिले की वर्णन पुरे होते.

प्रश्न : माझ्याकडील एका कवितासंग्रहाच्या प्रथमावृत्तीवर कवीच्या हस्ताक्षरात ‘सप्रेम भेट’, घेणाऱ्याचे नाव, सही आणि तारीख आहे. शिवाय नंतरच्या कोण्या मालकाने बॉलपेनने आपले नाव आणि पत्ता लिहिला आहे. या लिखाणामुळे प्रतीची अवस्था खालची धरायची का? (बंगळूर)

उत्तर : दोन्ही लिखाणे शाईचीच असली तरी त्यांची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी होते. कवीने स्वतः लिहिलेल्या मजकुरामुळे प्रतीची पायरी खाली येत नाही. नुसती सही असेल तर ‘साइन्ड’, कोणाला उद्देशून मजकूर असेल तर ‘इन्स्क्राइब्ड’, आणि लेखकाने आपण होऊन भेट दिलेली असेल तर ‘प्रेझेंटेशन कॉपी’ म्हणतात. भेट घेणारी व्यक्ती कवीच्या आयुष्यात किंवा वाङ्मयात महत्त्वाची असेल, म्हणजे गुरू, समीक्षक, संपादक किंवा दुसरा कवी, तर ती ‘असोसिएशन कॉपी’ ठरते आणि तिचे मोल प्रतीच्या झिजेवर फारसे अवलंबून राहत नाही. म्हणून आधी त्या नावाचा शोध घ्या. कवितासंग्रहाची अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश यांत ते नाव आढळले तर शोध तिथेच संपेल.

बॉलपेनने लिहिलेले नाव हा दोष आहे, पण लहान. ते खोडू नका, त्यावर पांढरा रंग लावू नका आणि ते पान तर मुळीच काढू नका, कारण त्या पानाच्या दुसऱ्या बाजूस किंवा शेजारीच कवीचा मजकूर असण्याचा संभव असतो. वर्णनात कवीचा मजकूर तारखेसह जसाच्या तसा उतरवून द्या, त्याचे स्वच्छ छायाचित्र जोडा, आणि पुढच्या ओळीत ‘नंतरच्या मालकाचे नाव व पत्ता, निळी शाई, त्याच पानावर खाली’ असे लिहा. पत्ता छायाचित्रात मात्र झाकून ठेवा, कारण त्या घरी अजून कोणी राहत असेल.